पहिला नग

देशातले कारखाने हुशार करायचे, असं दिल्लीत ठरलं आणि त्याची झळ भोसरीत वैजनाथला लागली. बावीस वर्षं तो श्रीनिवासरावांच्या वर्कशॉपात गिअर तपासत होता. नग बोटांवर फिरवायचा, उजेडात धरायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. आता ते काम कॅमेरा करणार होता आणि कॅमेऱ्याला शिकवायचं होतं वैजनाथनंच. म्हणजे आपल्याच पोटावर आपणच पाय द्यायचा, तोही ओव्हरटाइमशिवाय.

चार महिने तो प्रत्येक नगामागे हिरवं नाहीतर लाल बटण दाबत राहिला. मुद्दाम चुकीचं शिकवावं असं बरेचदा मनात आलं, पण खराब नगावर हिरवं दाबायला बोट धजेना. इंजिनिअर अपूर्वा त्याला “बरं चाललंय” म्हणायची. ती सदाशिव पेठेतली, तेव्हा हे कौतुकच समजायचं. श्रीनिवासरावांनी मात्र सांगून टाकलं होतं की दिल्लीची मंडळी खूश झाली की वैजनाथनं गेटवर बसायचं. नुसतं बसून राहायच्या कल्पनेनंच त्याला धडकी भरली होती.

मंडळी आली. राष्ट्रीय धोरणावर श्रीनिवासराव इतके बोलले की सगळ्यांचा चहा गार झाला. मग मशीन सुरू झालं. पहिला गिअर कॅमेऱ्याखाली आला आणि लाल दिवा लागला. दिल्लीच्या साहेबांनी तो मोजून घेतला, तर अगदी निर्दोष. पुढचे चाळीस हिरवे. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, तर पुन्हा पहिलाच लाल.

अपूर्वा वैजनाथकडे वळली. “काका, आपण याला नक्की काय शिकवलंय?”

“रोजचा पहिला नग आपून इकत नाही, ताई. देवाचा असतो तो. मी लालच दाबायचो.”

मागच्या फळीवर गणपतीपुढे चार महिन्यांचे गिअर ओळीनं मांडलेले होते. कॅमेऱ्यानं गुरूची रीत इमानेइतबारे उचलली होती.

श्रीनिवासरावांचा चेहरा पडला. दिल्लीचे साहेब मात्र पोट धरून हसले आणि त्यांनी विचारलं, की यानं आणखी काय काय शिकून ठेवलंय? वैजनाथला खरंच आठवेना. सवयी कुणी पाठ करून ठेवतं का? जसजसं बाहेर पडेल तसतसं सांगेन, असं तो म्हणाला. तोवर यांना इथून हलवू नका, असं साहेबांनी बजावलं.

“आणि सगळं बाहेर पडायला किती दिवस लागतील?” श्रीनिवासरावांनी दात आवळून विचारलं.

वैजनाथनं रिटायर व्हायला किती उरलंय ते बोटांवर मोजलं.

“सहा वर्षं तरी लागतील, साहेब.”