आधी पणती खाली सोडा

मी बिरदेवाच्या हृदयातून बोलतोय. मी म्हणजे त्याचं मन वगैरे नव्हे. त्याच्या हृदयाच्या एका पेशीत, त्या पेशीतल्या एका तंतुकणिकेच्या भिंतीत बसलेलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे मी. नाव सायटोक्रोम ऑक्सिडेज. नाव भलतंच जड, पण जीव एवढासा, आणि तो अजून थाऱ्यावर नाही.

माझा जन्म पेशीतच झाला. माझ्या मधल्या भागाचा आराखडा बिरदेवाला त्याच्या म्हसवडच्या आईकडून मिळाला. तो बापाकडून येतच नाही. माझ्या पोटात थोडं तांबं आणि लोह आहे, तेही त्याच्या भाकरी-कालवणातून आलेलं.

अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन या हातातून त्या हातात करत माझ्यापर्यंत येतात. मी ते श्वासातल्या ऑक्सिजनच्या स्वाधीन करतो आणि त्याचं पाणी होतं. हे करता करता आम्ही भिंतीपलीकडे प्रोटॉन ढकलून साठवतो. कोयनेचं अडवलेलं पाणी खाली येताना चक्र फिरवतं ना, तसे हे प्रोटॉन परतताना शेजारच्या विकराचं चक्र फिरवतात आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. त्यावर हृदय चालतं. एटीपी फार झालं की तेच मला येऊन चिकटतं आणि माझा वेग कमी करतं. बिरदेवानं पोतं उचललं की कॅल्शियम आत येतं आणि आमची धांदल उडते. कमी-जास्त सगळं सांभाळता येतं. ऑक्सिजन नसला तर मात्र माझ्या हातात काहीच नाही. ही भीती मी जन्मापासून बाळगून आहे.

बिरदेव सांगलीजवळ हळदीची हमाली करतो. व्यापारी आदगोंडा यांची तिथे पेवं आहेत. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार, तोंड अरुंद आणि आत ऐसपैस. बंद पेवात हवा उरत नाही, म्हणून कीड जगत नाही आणि हळद टिकते. जिथे कीड जगत नाही तिथे मी कसा जगणार? म्हणूनच पेव उघडलं की काही वेळ मोकळं ठेवायचं आणि मग पेटता कंदील दोरीनं आत सोडायचा, अशी रीत आहे. कंदील विझला तर कोणी उतरत नाही.

मला डोळे नाहीत. बाहेरचं सगळं मी माणसांच्या बोलण्यावरून जुळवतो, एवढी सूट द्या.

त्या सकाळी ट्रक येऊन उभा होता आणि कंदिलात रॉकेल नव्हतं.

"आता रॉकेल मिळतंय कुठं?" आदगोंडा म्हणाले. "ह्यो मोबाईल सोडा. बॅटरी लावलीया."

मोबाईल पिशवीतून खाली गेला. बिरदेवाचा जोडीदार गुंडा वाकून बघत होता.

"लख्ख उजेड हाय गड्या. इजला न्हाई. उतर."

उजेड दिसला, म्हणजे रीत पाळली असंच सगळ्यांना वाटलं. बिरदेव कमरेला दोर बांधून उतरला.

मला आधी कळलं ते एवढंच की येणारा ऑक्सिजन येईनासा झाला. इलेक्ट्रॉन माझ्या हातात तसेच राहिले. मागून येणारे तुंबले. कोणाला देऊ? प्रोटॉन ओसरले आणि शेजारचं चक्र उलटं फिरू लागलं, होतं नव्हतं ते एटीपी खायला लागलं. एक छोटंसं प्रथिन धावत आलं आणि त्यानं चक्राला खुट्टी मारली, म्हणून थोडं तरी वाचलं. मी खूप घाबरलो होतो. हृदयाचे ठोके मंदावत गेले, आणि प्रत्येक ठोक्याला मला वाटे, हाच शेवटचा.

वर हळद निवडत बसलेल्या शालूबाईनं, म्हणजे बिरदेवाच्या बायकोनं, हाक मारली. "आवं, ऐकताय न्हवं?"

ती उठून पेवाच्या तोंडाशी आली.

"दोर वढा, भावजी. हे ओ देईनात."

"उजेड तर हाय की अजून," गुंडा म्हणाला.

"माणूस बोलंना झालाय, उजेडाचं काय सांगताय? वढा आधी."

आदगोंडा स्वतःच खाली उतरायला निघाले होते. तिनं त्यांचा सदरा धरून त्यांना मागं ओढलं आणि त्यांच्या हातात दोर दिला.

बिरदेव वर आला. पहिला श्वास आला तेव्हा ऑक्सिजन असा धो धो आला की माझे कितीतरी सोबती त्या लोंढ्यात जळून गेले. मी वाचलो. का वाचलो ते मला माहीत नाही.

आज दुसरं पेव उघडलंय. बिरदेवाचं हृदय धडधडतंय, म्हणजे तो तोंडाशी उभा आहे. आदगोंडांनी यावेळी खिशात हात घातला नाही. शालूबाईनं पणतीत गोडेतेल घातलं, ती पाटीत ठेवून पेटवली आणि दोरीनं सावकाश आत सोडली.

"इजली," ती म्हणाली. "सरा मागं."

बिरदेव मागं सरला. त्यानं मोठा श्वास घेतला आणि त्यातला माझा वाटा माझ्यापर्यंत आला.

ती पणती आणि मी एकाच गोष्टीवर जगतो. तिला पुन्हा काडी लावता येते. बाबांनो, आधी तिला खाली पाठवत जा.