सुई न लागणारा पैलवान

मंगळवार पेठेतल्या तालमीच्या पटांगणात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं भिंतीवर चढली होती, बायका ओट्यावर दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि मधोमध पाटावर सुईमहाराज विराजमान झाले होते.

हे महाराज मूळचे गारगोटी गावच्या बाजारात दंतमंजन विकणारे. त्या सुमारास वर्तमानपत्रांत चीनमधल्या सुयांच्या उपचारांबद्दल काहीबाही छापून येऊ लागलं आणि यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मूठभर सुया, एक भगवी शाल आणि बहात्तर हजार नाड्या एवढ्या भांडवलावर त्यांनी दुकान थाटलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. चीनच्या त्या विद्येत किती तथ्य आहे ते तिथले जाणकार बघतील, पण या गृहस्थांना तिचा वाससुद्धा लागला नव्हता.

पद्धत सोपी होती. सुई टोचायची आणि विचारायचं, काय वाटतंय? जड वाटलं तर करणी उतरतेय. मुंग्या आल्या तर देवीचा संचार. दुखलं तर पाप जळतंय. आमच्या शाळेत असा पेपर काढला असता तर एक पोरगं नापास झालं नसतं.

आणि काहीच वाटलं नाही तर? ते भाग्य एकट्या जोतीरामला लाभलं होतं.

जोतीराम हा तालमीतला उमेदीचा पैलवान. त्याच्या डाव्या हाताची करंगळी वाकू लागली होती, पकड सुटत होती. हात गेला तर कुस्ती गेली, आणि कुस्तीवाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्याची आई झुंबरबाई आदल्याच आठवड्यात त्याला महाराजांकडे घेऊन आली होती. महाराजांनी कोपराखाली सुई खुपसली, तर पठ्ठ्या शांत. आणखी खोल घातली, तरी शांत. क्षणभर महाराजच चपापले. मग त्यांनी जाहीर केलं, "याचा देह वज्राचा झाला! आता या हाताला दुसरं औषध लावलंत तर सिद्धी जाईल." आमच्या पेठेत दुखलं तरी तोंडातून ब्र न काढणारा तो मर्द, ज्याला दुखतच नाही तो तर देवच झाला. झुंबरबाईनं गल्लीभर पेढे वाटले.

मला ते बघवेना. समोरच डॉक्टर लीलाताईंचा दवाखाना. त्या रविवारी मी त्यांना अक्षरशः ओढत पटांगणात आणलं.

लीलाताईंनी आधी बयाबाईला पुढं बोलावलं. संचार हमखास यायचा तो हिलाच. तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, "सुई टोचते हं," म्हणून सांगितलं आणि हाताला काडेपेटीतल्या काडीचं नुसतं बूड टेकवलं.

"आली की," बयाबाई घुमू लागली. "पार खांद्यापातूर मुंग्या चढल्या!"

ताईंनी रुमाल सोडून काडी दाखवली. भिंतीवरची पोरं हसून हसून खाली पडायची राहिली. ताई म्हणाल्या, सुई खरोखर स्नायूत शिरली की जड वाटतं, मुंग्या येतात. ते आपल्या मज्जातंतूंचं काम आहे, त्याला देवी लागत नाही. आणि मन लावून वाट बघितली तर त्या काडीनंही येतात.

महाराज डगमगले नाहीत. त्यांनी जोतीरामचा हात धरून वर केला. तो नुकताच आखाड्यातून उठून आलेला, सगळं अंग तांबड्या मातीनं माखलेलं. "मग याला सुई का लागत नाही, तेवढं सांगा."

ताई त्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "याचं उत्तर मी दवाखान्यात देईन. फक्त त्याला आणि त्याच्या आईला." महाराजांनी स्वतःचाच जयजयकार पुकारला, आणि लोकांनी तो केलाही.

जोतीरामनं आग्रह धरला म्हणून मीही आत गेलो. ताईंनी त्याला डोळे मिटायला लावून हातावरून कापूस फिरवला. कोपराखालच्या एका फिकट चट्ट्यावर त्याला काही कळेना. तिथं गरम-गार पाणीही सारखंच. "अंगभर माती चिकटलीय, फक्त इथंच नाही," त्या म्हणाल्या. "कारण इथं घाम येत नाही. इथली नस मरत चाललीय. जोतीराम, हा कुष्ठरोगाचा चट्टा आहे. तुझा प्रकार दुसऱ्याला लागत नाही, आणि गोळ्यांनी बरा होतो. पण ही सिद्धी अजून मिरवली असतीस तर बोटं कायमची आखडली असती."

"त्येला सुई लागली न्हाय म्हणून म्यां पेढं वाटलं, बाई," झुंबरबाई म्हणाली.

जोतीराम उठला तो थेट पटांगणात गेला. लपवायचं त्याच्या स्वभावात नव्हतं. "ऐका," तो म्हणाला, "माझी शिद्धी म्हंजी महारोग हाय."

गर्दी मागं सरली. सगळ्यात आधी सरले ते महाराज! घटकेपूर्वी उंचावलेला हात सोडून त्यांनी शाल नाकाला लावली आणि पाट ओलांडून पळ काढला. बहात्तर हजार नाड्यांचा जाणकार एका चट्ट्याला भ्याला. पुढं आले ते तालमीचे वस्ताद बाळासो. त्यांनी तोच हात धरला आणि ताईंना विचारलं, "गोळ्या कवापासनं चालू करायच्या?"

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. पुढल्या वर्षी एके सकाळी ताईंनी चट्ट्याच्या कडेला टाचणी लावली, आणि जोतीरामनं "आई गं" करून हात मागं घेतला. झुंबरबाईनं पुन्हा गल्लीभर पेढे वाटले. पहिल्या वेळचा पेढा मी परत पाठवला होता, हा मागून घेतला.

लोकहो, अंगाला काय वाटतं ते अंगाची खबर असते. त्या खबरीचा अर्थ शालीला विचारू नका, शिकलेल्या डॉक्टरला विचारा. आणि काहीच वाटेनासं झालं, तर त्याच दिवशी विचारा.