बिननारळाचं बंदर

संक्रांत तोंडावर आली तरी पडदा पुरा होईना, कारण शिवम्मा आणि पेंटर विरुपाक्ष यांचं भांडण मिटेना. भांडण एका झाडाचं होतं.

सोलापूरच्या होम मैदानावर संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत शिवम्माचा नवरा गुरुबसप्पा दरसाल फोटोचा स्टॉल टाकायचा. मागं रंगवलेला पडदा, पुढं गिऱ्हाईक आणि काळ्या फडक्याखाली मुंडी खुपसलेला गुरुबसप्पा. गिऱ्हाइकाला नीट उभं करणं, पदर सारखा करणं, पोराचं नाक पुसणं हे शिवम्माचं काम. ताजमहालाचा जुना पडदा यंदा घुशींनी कुरतडला. गुरुबसप्पा म्हणाला, आता बंदर करू, लोकांना आवडतं. शिवम्मा म्हणाली, बंदरच करायचं तर एडनचं करा.

तसं म्हणायचा तिला हक्क होता. लग्न करून अक्कलकोटाकडून निघालेली ती पोर थेट आगबोटीत चढली होती आणि अरबस्तानच्या टोकाला एडनला उतरली होती. विलायतेच्या बोटी तेलपाण्यासाठी तिथं थांबायच्या. उतारू घटकाभर खाली यायचे, घड्याळं घ्यायचे, रेडिओ घ्यायचे, आणि गुरुबसप्पा त्यांना उंटाशेजारी उभं करून फोटो काढायचा. शिवम्मा त्याच्या दुकानात बसायची. अरब यायचे, सोमाली यायचे, गुजराती शेठ यायचे. ती सगळ्यांशी त्यांच्या त्यांच्या बोलीत चार शब्द बोलायची. विलायतेच्या थंडीची धास्ती घालून तिनं कितीतरी जणांच्या गळ्यात सोलापुरी चादरी मारल्या होत्या. मग तिकडं मिसरात लढाई झाली, कालवा बंद पडला आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या. पाहुण्यांनी घराची वाट सोडावी तसं बंदर ओस पडलं. त्याच साली इंग्रजही गेला. दोघं दोन ट्रंका घेऊन सोलापूरला परत आली.

ट्रंकांत सगळं होतं, फक्त फोटो नव्हता. जगभरच्या लोकांचे फोटो काढले, पण त्या डोंगराम्होरं बायकोला एकदाही उभं केलं नाही. शिवम्मानं म्हटलं की गुरुबसप्पा म्हणायचा, बोट लागलीये, उद्या बघू. आता तिला एवढंच हवं होतं. ते गाव जसं होतं तसं पडद्यावर यावं, आणि त्याच्यापुढं उभं राहून आपला एक फोटो निघावा. डोळ्यांपुढचं गाव दिवसेंदिवस विटत चाललं होतं, धुतल्या लुगड्यासारखं.

विरुपाक्षाला हे पटत नव्हतं. कोळशासारखे काळे डोंगर, त्यांच्या कुशीत पांढरी घरं, टेकडीवर घड्याळाचा मनोरा, मिठाचे ढीग, पाण्याचं पिंप ओढणारा उंट, हे सगळं तो काढायला तयार होता. पण नारळाशिवाय?

"अक्का, नारळ न्हाय तर लोकास्नी समुद्र हाय हे कळायचं कसं?"

"तितं गवताची काडी उगवत न्हाय, विरुपाक्ष. मी नांदलीये तितं."

तिची जाऊ चंद्रव्वा सुपात ज्वारी पाखडत हे ऐकत होती. ती सुपातली नजर न काढता म्हणाली, "समुद्र हाय आणि नारळ न्हाय. तुमी गेलता तरी कुटं, शिवम्मा? मला तर वाटतंय तुमची बोट हितं आपल्या मोडनिंबालाच थांबली."

सगळी हसली, गुरुबसप्पासुद्धा. परत आल्यापासून हेच चाललं होतं. एडन म्हटलं की कुणी विचारायचं, ते मुंबईच्या अलीकडं की पलीकडं? पाऊस पडत नाही म्हटलं तर म्हणायचे, मग आमच्यासारखंच की. तिथं डोंगराच्या पोटात राजांनी टाकी खोदलीत, दगडाच्या ओंजळीच जणू, वर्षादोन वर्षांत थेंब पडला तर झेलायला, असं ती सांगू जायची आणि ऐकणारा उठून जायचा.

पण झाड तिनं काढू दिलं नाही. विरुपाक्ष फुरंगटून रंगवत राहिला. ती त्याला रंग घोटून देत होती, आणि घोटता घोटता तिला जात्यावर बसल्यासारखं सुचत गेलं:

*काळ्या डोंगराच्या दारी, बोटींची गं लगीनघाई*
*पाणी उंटावर येई, माझ्या एडन गावाला*

पडदा मैदानात टांगला तेव्हा ती लांब जाऊन उभी राहिली. पायाखाली सोलापूरचा फुफाटा होता, तरी ओठांवर मीठ आल्यासारखं वाटलं. तिनं नवऱ्याला म्हटलं, अहो, पहिला फोटो माझा काढा. तो म्हणाला, आधी बोहनी होऊ दे, घरच्या माणसानं बोहनी करत्यात व्हय?

बोहनी होईना. साल दुष्काळाचं, बहात्तर सरून त्र्याहत्तर लागलेलं. जत्रेला आलेली निम्मी माणसं खडी फोडायच्या कामावरनं आलेली. ती यायची, पडद्याकडं बघायची आणि शेजारच्या स्टॉलकडं वळायची. तिथं नारळ होते, पाण्यात हंस होते आणि भर दुपारी चंद्र होता. तो पडदाही विरुपाक्षानंच रंगवला होता.

जेऊरकडची सारजाबाई म्हणून एक बाई मात्र थांबली. हातांना खडीचे घट्टे, अंगावर जत्रेपुरतं नेसलेलं एकुलतं धड लुगडं. शिवम्मानं तिला हाताला धरून पुढं घेतलं. सारजाबाईनं पडदा वरपासून खालपर्यंत निरखला.

"बाई, ह्यो डोंगर आमी रोज फोडतोय की. त्याच्याच म्होरं फोटू कशाला काढायचा?"

"डोंगर न्हाय, पाणी बघा की. केवढं हाय."

"खारं असंल," सारजाबाई म्हणाली आणि गेली.

शिवम्मा तिथंच उभी राहिली. खोटं काय बोलली सारजाबाई? पण खरं बोलूनही ते गाव तिला कुठं दिसलं होतं? हाच राग होता, आणि तो कुणावर काढावा हेच कळत नव्हतं.

ऊन कलायला लागलं तसं गुरुबसप्पानं झाड काढायला विरुपाक्षाला बोलावणं धाडलं. शिवम्मा पडद्याच्या आडवी झाली. गुरुबसप्पानं आवाज चढवला नाही, हेच तिला जास्त लागलं.

"एडननं एकदा उठवलं आपल्याला. आता सोलापुरातनंबी उठवू देतीस का?"

घर या स्टॉलवर चालत होतं. ती बाजूला झाली, पण म्हणाली, "आदी माझा फोटो काढा. मग काय लावायचं ते लावा."

तो उजेडाकडं बघत म्हणाला, आता उजेड गेलाय, फुकट फिल्म जाईल, सकाळी काढतो. ती म्हणाली, सकाळी झाड असंल. तो म्हणाला, झाडानं काय बिघडतंय, बंदर तेच की. ती त्याला सांगत होती काय बिघडतंय ते, आणि तेवढ्यात मागं ब्रशाचा सपसप आवाज आला. विरुपाक्षाला दुसरीकडं काम होतं, त्यानं वाट बघितली नव्हती. दोघं वळून बघतात तर खोड उभं होतं, आणि नेमकं डोंगराच्या पायथ्याला, जिथं त्यांचं घर होतं तिथंच.

शिवम्मानं त्यानंतर फोटोचं नाव काढलं नाही. सकाळी गुरुबसप्पानं आपणहून हाक मारली तर म्हणाली, आता कशाला.

गिऱ्हाइकाची मात्र रीघ लागली. लोक विचारायचे, कुठलं हो हे? गुरुबसप्पा बेलाशक सांगायचा, मुंबई. दोनदा शिवम्मानं मधेच 'एडन' म्हटलं, मग तेही सोडलं. ती मुकाट्यानं माणसं उभी करत होती. पण कुणाला कुठं उभं करायचं, हे तिच्याच हातात होतं. आडव्या बांध्याचा माणूस आला की तो बरोबर झाडाम्होरं जायचा. पाच जणांचं कुटुंब आलं की तिथंच दाटीनं उभं राहायचं. डोंगर, मनोरा, उंट मोकळे राहायचे. फडक्याखालून गुरुबसप्पा ओरडला, झाड दिसंना. ती म्हणाली, पोरगं रडतंय, काढा आता.

दुपारी टेंभुर्णीकडचं एक नवं जोडपं आलं. नवरा धोंडीराम, चांगला उंचापुरा, फेटा बांधलेला. त्यानं आधीच बजावलं, "मावशी, झाड आलं पायजे बरं का."

"येईल की. तुमी झाडाला टेकल्यागत उभं राहा. लई झोकात दिसंल."

त्याला ते पटलं. तो ऐटीत मागं सरला आणि पाठीनं सबंध खोड झाकलं. नवरीला शिवम्मानं लांब, मिठाच्या ढिगाशी उभी केली. मग मागं येऊन बघितलं. झावळ्या त्याच्या फेट्यावरनं डोकावत होत्या.

ती पुढं गेली. "खांदे वर करा," म्हणाली. "मान ताठ." झावळ्या होत्याच. "आणखी ताठ," ती म्हणाली. "टाचा उचला जरा."

"अगं, सोड आता त्याला," फडक्याखालून गुरुबसप्पा म्हणाला.

"थांबा हो," शिवम्मा म्हणाली, आणि तिनं धोंडीरामाचा फेटा दोन्ही हातांनी धरून वर ओढला.