दाराबाहेरची लेक

पार्लरकाकूंना एका जागी बसवत नव्हतं. वर्ग डोळे मिटून बसायचा, आणि या बाई एक डोळा किलकिला करून दाराकडे बघतायत! त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. जन्मभर लोकांच्या केसांना रंग लावला, आणि आता रंगाचंच काय, साधा साबण दरवळला तरी डोकं ठणकायचं, घसा आवळायचा. डॉक्टरांनी हात टेकले आणि इथे, या ध्यानाच्या वर्गात धाडलं. इथे सगळे त्यांच्याच जातकुळीचे, त्यामुळे रीतही न्यारी. दारात एकमेकांना हुंगायचं, मगच आत घ्यायचं. रंगारीदादा आज नवा शर्ट एकदाच धुऊन घालून आला, तर त्याला पार खिडकीपाशी पिटाळला होता.

"श्वास येतोय, जातोय. नुसतं बघा," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

"अहो, श्वासानेच तर आमचा घात केलाय," रंगारीदादा पुटपुटला. "त्याच्याच मांडीला मांडी लावून बसायचं होय?"

सगळे हसले. काकूंना कसलं हसू येतंय! त्यांना हे जमायलाच हवं होतं. पार्लर आता लेक चालवायची. संध्याकाळी भाजी, औषधं घेऊन यायची. काकू दार जरासं उघडून आधी हुंगायच्या. "रंग लावलास ना आज कुणाला? तिथेच ठेव पिशवी." अलीकडे तर लेक बेल वाजवून, पिशवी ठेवून लगेच जिना उतरायची. तिला पुन्हा घरात आणायचं, एवढ्यासाठी काकूंचा हा सगळा आटापिटा.

"आता जवळच्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणा," बाई म्हणाल्या.

काकूंनी लेकीला आठवलं. आला तो रंगाचा उग्र दर्प. चेहरा काही केल्या येईना. दोन वेण्यांची शाळकरी पोर दिसली, पण आताची बाई? त्या ताडकन उठल्या.

"अहो, कुठे निघालात?"

"माझी पोर मला दिसत नाहीये हो!"

घरी आल्यावर त्या दारापाशीच घुटमळत राहिल्या. बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. बेल वाजताच त्यांनी दार सताड उघडलं. दर्प थेट डोक्यात गेला. ठणकतंय? ठणकू दे मेलं!

"थांब गं. वळ इकडे."

लेक पायऱ्यांवरूनच वळली. "दार लाव, आई. आज दिवसभर रंगच लावत होते."

काकू बघतच राहिल्या. लेकीचे केस कानशिलापासून भांगापर्यंत पांढरे झाले होते.

"अगं, लोकांचे केस काळे करतेस, आणि स्वतःचे हे असे?"

"माझ्या डोक्याला कधीच नाही लावला, आई. वाटलं, एक दिवस घरात घेशील."

काकूंनी खोकत खोकतच तिचा हात धरला आणि तिला आत ओढलं.