चष्मा पुसायला लागणारा वेळ

भाववाल्या काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकात धरला आणि सावकाश पुसायला घेतला. नव्या बाईंनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. सकाळपासूनचं हे चौथं दुकान आणि चष्म्याची ही चौथी अंघोळ. कचेरीत सगळे या चष्म्यावरून काकांची टर उडवत, ते काही उगाच नव्हतं.

बाईंनी तेवढ्यात फोन पाहिला. घरमालकाचा निरोप होता: पुढच्या महिन्यापासून भाडं दीड हजाराने वाढणार. गल्ल्यापाशी सरकारी दवाखान्याच्या गणवेशातली एक परिचारिका तांदळाच्या भावावरून कुरकुरत होती.

"अठ्ठावन्न? अहो, गेल्या महिन्यात पंचावन्न होता!"

"वरूनच वाढून येतो ताई, आम्ही तरी काय करणार?" किराणावाला म्हणाला.

ती पैसे मोजून निघून गेली आणि काकांचा चष्मा एकदाचा नाकावर चढला.

"मध्यम तांदूळ?" त्यांनी विचारलं.

"बावन्न, साहेब."

काकांनी मान डोलावली, तक्त्यात आकडा लिहिला, मग तेल, डाळ, साखर विचारून तेही लिहिलं. दर गुरुवारी बारा ठरलेल्या दुकानांत जायचं, ठरलेल्या वस्तूंचे भाव टिपायचे आणि तक्ता वर पाठवायचा, एवढीच ती नोकरी. पण शहरातल्या झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत प्रत्येक सरकारी नोकराचा महागाई भत्ता त्या तक्त्यावरून ठरे. एकतीस वर्षं काकांनी तो भरला होता. आज त्यांचा शेवटचा गुरुवार, आणि पुढच्या गुरुवारपासून तो तक्ता नोंदणी विभागातून बदलून आलेल्या या बाईंच्या हाती येणार होता.

काका बाहेरच्या नळावर पाणी प्यायला गेले. किराणावाला गल्ल्यावरून पुढे वाकला.

"बाई, तुम्हालाही असाच पाच-सहा कमी भाव सांगत जाईन हं. सरकारी कागदावर आपलं दुकान महाग कशाला दिसावं? साहेबांना गेली वीस वर्षं असंच सांगतोय. देवमाणूस! कधी एका शब्दाने उलटून विचारलं नाही."

म्हणजे परिचारिकेने अठ्ठावन्न मोजले आणि कागदावर गेले बावन्न. तिचा भत्ता त्याच कागदावरून, बाईंचाही त्याच कागदावरून. वीस वर्षं! आणि ज्याच्या सचोटीच्या गोष्टी सगळी कचेरी सांगते, त्या माणसाला याचा पत्ताच नाही. आता हे त्याला सांगायचं, की कचेरीतल्या मोठ्या साहेबांना, की गिळून टाकायचं? उद्याच त्याचा निरोप समारंभ होता.

रस्त्याने काका मजेत चालले होते.

"माझा पहिला पगार नऊशे, बाई. खोलीचं भाडं शंभर. आता मुलगी शाळेत शिकवते, तिला पंचेचाळीस हजार मिळतात आणि भाड्याला पंधरा जातात. पगार पन्नास पट झाला म्हणून शेजारीपाजारी हेवा करतात. भाडं दीडशे पट झालं, ते कोण मोजतंय?"

"कोण?" बाईंनी नुसतं तोंडदेखलं विचारलं.

"आपण," काका म्हणाले आणि चालता चालता ताठ झाले. "आपण मोजतो."

बाईंना त्यांच्याकडे बघवेना.

"काका, समजा, एखादा आकडा चुकीचा गेला तर?"

"एका साहेबांनी सांगितलं होतं मला, चार-चार वाढवून लिहा, सगळ्यांचंच भलं होईल. मी म्हटलं, आज मी वाढवले तर उद्या दुसरा कोणी कमी करील. मग या कागदाला कुत्रं तरी विचारील का? दोन वर्षं बढती अडली माझी. बायको अजून ऐकवते. तसं तिच्याही डोक्याला माझा तापच. यादीतल्या दुकानातून आमच्या घरी काडेपेटीसुद्धा येत नाही. ओळखीचा भाव नको म्हणून ती बिचारी दूरच्या बाजारात जाते."

ओळखीचा भाव! ज्याने बायकोला एकतीस वर्षं पायपीट करायला लावली, त्याला आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

पाचवं दुकान साबणाचं होतं. पायरीशी काकांनी तक्त्याची फळी बाईंच्या हातात दिली.

"इथून पुढे तुम्ही लिहा."

बाईंची नजर आधी वरच्याच ओळीवर गेली. मध्यम तांदूळ: अठ्ठावन्न.

त्यांनी पुन्हा वाचलं. काकांचं अक्षर मोत्यासारखं होतं, आठला आठच म्हणावं लागत होतं. किराणावाल्याने बावन्न सांगितले होते, ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. अठ्ठावन्न त्या दुकानात एकच बाई म्हणाली होती, आणि ती म्हणाली तेव्हा काकांचा चष्मा सदऱ्याच्या टोकात होता.

बाईंनी वर पाहिलं. काका साबणाच्या फळ्यांकडे बघत उभे होते. चष्म्याच्या काचा लख्ख होत्या, त्यांना पुसण्याजोगं काहीच नव्हतं.

"मग त्या किराणावाल्याला विचारता कशाला?" बाईंनी हळूच विचारलं.

"विचारावं लागतं. दुकान त्याचं आहे. आणि आपल्याला भाव सांगताना त्याला किती बरं वाटतं, बघितलंत ना?"

या माणसाच्या हाताखाली आपण फक्त चार दिवस काढले याची बाईंना हळहळ वाटली, आणि चार दिवस तरी मिळाले याचा अभिमानही. त्या पायरी चढून आत गेल्या. गल्ल्यापाशी एक म्हातारे गृहस्थ कपड्यांच्या साबणाची वडी हातात घेऊन उभे होते.

"या बाई, काय देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"यांचं होऊ द्या आधी," बाई म्हणाल्या, आणि पर्स उघडून तिच्यात काहीतरी शोधू लागल्या. चाव्या बाजूला सारल्या, रुमाल उलटासुलटा केला, बसची जुनी तिकिटं एकेक करून पाहिली. त्यांना काहीही सापडायचं नव्हतं.

दारात भाववाल्या काकांनी चष्म्याकडे हात नेला, मग तो तसाच खाली घेतला आणि ते पायरीवर जाऊन निवांत बसले.