फिकट रेघेचा पाळणा

मी एक जुना पाळणा आहे, मित्रांनो. पण माझ्यात बाळ कधी निजलं नाही. नागपुरातल्या एका रक्त-प्रयोगशाळेतलं मी विजेवर डुलणारं यंत्र. माझ्या पन्हाळींत कागदासारख्या पट्ट्या ठेवायच्या, त्यांवर रक्तातला पिवळसर द्रव घालायचा, आणि मी तासन्‌तास डुलायचं. पहिली चाचणी एचआयव्हीची नुसती शंका घेई. खात्री माझ्या पट्टीवरच्या रेघा करीत. तंत्रज्ञ धर्मेंद्रभाऊ मला थोपटत गुणगुणायचे,

हाल हाल पाळण्या, पट्टी झाली ओली,
रेघ उमटेस्तोवर नको काही बोली.

एवढ्या लाडाने कोणाचं डोकं फिरणार नाही? माझंही फिरलं.

मग मिनल नावाची नवी तंत्रज्ञ आली, सोबत थोड्याशा रक्तावर झटपट निकाल देणारी तळहाताएवढी कार्डं घेऊन. तीन वेगवेगळ्या बनावटीची. तिन्ही ‘हो’ म्हणतील तरच हो.

“वीस मिनिटांत निकाल? इतक्यात तं आमच्याकडं चहाही होत नाही!” धर्मेंद्रभाऊंनी नाक मुरडलं.

शेवटी पैज लागली. पन्नास नमुने दोन्हीकडे तपासायचे. एकोणपन्नासांवर आमचं जुळलं. पन्नासावा नमुना काटोलच्या संत्रा व्यापारी रुपरावांचा. रक्तदानानंतरच्या तपासणीत शंका आलेली. तिन्ही कार्डं ‘नाही’ म्हणाली. माझ्या पट्टीवर मात्र एकच फिकट रेघ. ‘हो’ला अपुरी, ‘नाही’ला जास्त!

“एकच रेघ? म्हंजे पास का नापास, ताई?” रुपरावांनी समुपदेशक वंदनाताईंना विचारलं.

“आज नाही सांगता येत. भाऊ, बाजारात एक फळ आंबट निघालं तर अख्खा ढीग सोडता का?”

“नाई. अजून दोन कापतो, वेगवेगळ्या बाजूचे.”

“आम्हीही तेच करतोय. महिन्याने पुन्हा या.”

महिन्याने रुपराव आले. मागोमाग त्यांची बायको रुख्मिणीबाई, न बोलावता, त्याच बसने.

“महिना झाला, ताई! वेगळं ताट, वेगळा गिलास, निजायले बाग. मले वाटलं, माह्या भावाच्या लग्नातल्या मानपानावरून रुसले. आज बसमधी धरलं, तं रडून देलं अन् सारं सांगतलं.”

पुन्हा रक्त घेतलं. कार्डं म्हणाली ‘नाही’. थेट विषाणूच शोधणारी आणखी एक तपासणी झाली. तीही म्हणाली ‘नाही’. आणि माझी रेघ? तिथेच, तेवढीच, हट्टी म्हातारीसारखी! डॉक्टरांनी सांगितलं, ती रेघ या आजाराची नव्हेच. लाजून थांबावं म्हटलं, तर धर्मेंद्रभाऊ बटण बंद करायलाच विसरलेले. सगळ्यांसमोर डुलत राहिलो.

रुख्मिणीबाई नवऱ्याकडे वळल्या. “आजार असता तरी ताट काहून वेगळं? संगं जेवल्यानं लागते का थो, ताई?”

“नाही लागत.”

“आयकलं? अन् मी रागानं महिनाभर भाजीत मीठ कमी टाकून राहिली!”

“मले वाटलं, तुले लागंल,” रुपराव पुटपुटले.

बाई जवळ सरकल्या. पदराने त्यांनी रुपरावांच्या कपाळावरचा घाम पुसला. “येडे झाले का तुमी,” एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, आता मी कपाटावर असतो. कार्डांवर माझा राग नाही. त्या दिवशी तीच खरी होती. माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसा, बरं वाटेल. आणि शंका आली तर तपासून घ्या, एका रेघेवर थांबू नका. निकाल काहीही येवो, माणसाला पंगतीतून उठवू नका. आणि तो स्वतःच उठू लागला, तर हात धरून बसवा.