परतीच्या बाटल्या

पाचगणीत मी स्ट्रॉबेरीचा जॅम करते. स्वस्त बाटलीवाले सोडून सांगलीचा सरफराज निवडला, कारण तो वापरलेल्या बाटल्या परत घेतो आणि धुऊन पुन्हा देतो. पण गिऱ्हाइकं बाटल्या परत करतील तर शपथ! वैतागून शेजारच्या शालूबाईंकडे गेले. फळीवर त्यांनी नेलेल्या माझ्या सगळ्या बाटल्या, घासून लखलखीत.

"आवं, परत द्यायच्या न्हाईत व्हय?" मी विचारलं.

"द्यायच्यात की. पर रिकामं भांडं कसं गं परत करायचं? भुईमूग निघू दे, चटणी घालून देते."

भुईमूग निघाला. गावभरच्या बाटल्या चटणी घेऊन आल्या. चटणी ओतून घेता घेता घरातले डबे संपले.

रिकाम्या बाटल्यांचं खोकं सरफराजसाठी बांधायला घेतलं आणि थांबले. एक बाटली काढून तिच्यात काठोकाठ जॅम भरला.